जुना पत्ता, नवा पत्ता

सांगली स्टँडवर फलटणच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढं एक आत्या आणि तिची लॅपटॉपवाली भाची उभ्या होत्या.

"अंकिता, त्या क्लासात शिकतीस तरी काय?"

"डीएनएस सर्व्हर लावायला, आत्या. आपण वेबसाइटचं नाव टाकायचं, त्यो तिचा पत्ता सांगतो."

"एवढंच? ते तर मी ओट्यावर बसून फुकट सांगती."

"आज साइट नव्या जागी हलवली, तरी त्यो जुनाच पत्ता सांगतोय. सर म्हणाले, सगळीकडं कळायला दोन दिवस लागत्यात."

"दोन दिवस? तू नवऱ्याचं घर सोडून आलीस, ते गावाला दुपारच्या आत कळलं!"

"व्हय. तवा सर्व्हर तुमीच होता."

"मग! मला कुठं क्लास लावाय लागला?"