न्याचावुलांचा आवाज आणि माझी नऊ दिवसांची चूक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या नर्सिंग कॉलेजचे प्राचार्य माननीय हेस्टिंग्ज मुन्थाली सर, व्यासपीठावर विराजमान झालेल्या जिल्हा आरोग्य अधिकारी डॉक्टर सिंगिनी मॅडम, आपल्या भागाचे आदरणीय गावप्रमुख, तलावाकाठच्या आरोग्यकेंद्रांमधून पहाटेच्या होड्यांनी आलेल्या माझ्या नर्सभगिनी, विद्यार्थिनींनो, आणि ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती श्रीमती एस्नात चावुला, म्हणजे आपण सगळे मानानं ज्यांना हाक मारतो त्या न्याचावुला!

मी खुंबो कुम्वेंडा, या कॉलेजचा ग्रंथपाल. ग्रंथपालाला भाषणाला उभं करणं म्हणजे माशाला झाडावर चढवणं. आयुष्यभर मी लोकांना एकच वाक्य ऐकवलं आहे, "हळू बोला." आज मलाच मोठ्यानं बोलायचं आहे, तेही अशा बाईंसमोर, ज्यांचा वर्ग वाचनालयाच्या भिंतीपलीकडे भरायचा आणि ज्यांना "हळू बोला" म्हणण्याची हिंमत मला एकतीस वर्षांत एकदाही झाली नाही.

त्यांच्या कामाचा गौरव माझ्या आधीच्या वक्त्यांनी केलाच आहे. मी पडलो पुस्तकांतला माणूस. बाळंतपणातलं मला काय कळणार? पण खरं सांगू का? भिंतीतून ऐकून ऐकून बाळंतिणीचा रक्तस्राव कसा थांबवायचा, हे मलाही पाठ झालं आहे. "गोल, गोल, दाबून! कठीण लागलं का? नाही? मग परत!" हसता कशाला? तुम्ही सगळ्या याच सुरावर पास झालात.

तर या धड्याच्या बाईंनी अडतीस स्लाइड केल्या होत्या. एकेका स्लाइडवर एक चित्र आणि फार तर दोन शब्द. मी एकदा म्हटलं, "न्याचावुला, थोडं लिहा की यावर." त्या म्हणाल्या, "लिहू कशाला? मी बोलते ना!"

आणि इथेच घोडं अडत होतं. मुली शिकून आपापल्या गावी जायच्या आणि तिथून निरोप पाठवायच्या, "त्या स्लाइड पाठवा, इथल्या दायांना दाखवायच्या आहेत." मी पाठवायचो. काहींच्या मोबाईलवर त्या उघडायच्याच नाहीत. काहींच्या उघडायच्या, पण चित्रातल्या बाईच्या हातावर अक्षरं जाऊन बसायची. चिसालीच्या केंद्रावरची फेबी लोंग्वे, ती बघा तिसऱ्या रांगेत तोंड लपवते आहे, तिनं मला फोन केला, "कुम्वेंडा सर, चित्रं पोचली. पण बाई कुठायत? मुकी चित्रं दाखवून मी दायांना काय सांगू?"

मी न्याचावुलांच्या मागे लागलो. म्हटलं, प्रत्येक स्लाइडवर तुमचा आवाज भरू आणि सगळ्याचा मिळून एक व्हिडिओ करू. तो कुठल्याही मोबाईलवर चालतो, या मोबाईलवरून त्या मोबाईलवर जातो. त्यांचं उत्तर ठरलेलं. "मी काय सिनेमातली बाई आहे? ज्याला शिकायचंय त्यानं वर्गात यावं."

दोन वर्षं हेच चाललं. मग गेल्या ऑगस्टमध्ये त्यांच्या गळ्यात गाठ निघाली.

मझुझु शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल. गाठ कसली, ते नंतर कळेल. आणि आवाजाची नस अगदी गाठीला चिकटून आहे, तेव्हा आवाज राहील की जाईल, शब्द देता येत नाही. हे बुधवारी कळलं. ऑपरेशन पुढच्या मंगळवारी. गुरुवारी सकाळी मी वाचनालयाचं कुलूप काढत होतो, तर बाई लॅपटॉप काखेत मारून माझ्या आधीच पायरीवर बसलेल्या.

"कुम्वेंडा, ते तुझं व्हिडिओचं काय असतं, ते आजच करायचं."

मी विचारलं, "एवढी घाई?"

त्या म्हणाल्या, "घाई मला नाही रे, गळ्याला आहे."

शांत जागा म्हणून आम्ही चादरींची कोठी निवडली. तीन दुपारी त्या चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये स्टुलावर बसून बोलल्या. खिडकीखाली कुणाची तरी शेळी ओरडायची की सगळं परत. सतराव्या स्लाइडला त्यांनी उशी मांडीवर घेतली आणि मूठ दाबून दाखवत बोलायला लागल्या. मी म्हटलं, "बाई, कॅमेरा नाहीये, फक्त आवाज जातोय." तर म्हणतात, "हात चालल्याशिवाय माझं तोंड चालत नाही." शेवटच्या स्लाइडनंतर त्यांनी उशी बाजूला ठेवली. मग मला विचारलं, "सगळं आलं ना रे?" मी छाती पुढे काढून म्हटलं, "सगळं आलं!"

सभाजनहो, ऐकून खात्री केल्याशिवाय "सगळं आलं" असं कधीही म्हणू नये. हे मी आज सर्वांसमोर कान धरून सांगतो.

शनिवारी रात्री त्यांच्याच लॅपटॉपवर मी व्हिडिओ बनवला, कारण वाचनालयातली सहाही यंत्रं माझ्यासारखीच निवृत्तीला टेकलेली आहेत. मध्ये वीज गेली, बॅटरीही संपली, पुन्हा सुरुवातीपासून केलं. झाला एकदाचा. चित्रं सरकत होती, पुढे जात होती. मी तो माझ्या मोबाईलवर घेतला आणि अकरा केंद्रांना पाठवून मोकळा झालो. रविवारी बाई आणि त्यांचे यजमान वायसनदादा मझुझुच्या बसमध्ये चढले. लॅपटॉपही बरोबर गेला, कारण बाईंना पडल्या पडल्या परीक्षेचे पेपर काढायचे होते!

सोमवारी फेबीचा फोन. "सर, चित्रं सरकतायत, पण बाई बोलतच नाहीत."

मी म्हटलं, "मोबाईलचा आवाज वाढव."

"सर, मी मोबाईल कानाला लावून बसलेय. काही म्हणजे काही नाही."

मी माझ्या मोबाईलवर लावलं. अडतीस चित्रं आली नि गेली. शेळीसुद्धा ओरडली नाही.

अध्यक्ष महोदय, त्या क्षणी माझ्या पायाखालची जमीन सरकली. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. मूळ आवाज लॅपटॉपमध्ये शिल्लक आहे की मी तोही घालवला, कळायला मार्ग नाही. बाईंना फोन करू? काय सांगू? गळ्यावर सुरी फिरायच्या आदल्या दिवशी सांगू, की तुमचा आवाज मी हरवला? मी फेबीला म्हटलं, "कुणाला बोलू नकोस." ती म्हणाली, "सर, खोटं बोलायला सांगताय?" मी म्हटलं, "नाही गं, फक्त गप्प राहायला सांगतोय." यात काय फरक आहे, ते मला अजून समजलेलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी वायसनदादांचा फोन आला. "गाठ निघाली. ती शुद्धीवर आहे." मी देवाचे आभार मानले. मग ते म्हणाले, "पण आवाज नाही. तोंड हलतं, नुसता वारा येतो. डॉक्टर म्हणतात वाट बघा. येईल, नाही तर..." 

पुढचे दिवस मी कसे काढले? पुस्तकं उलटी लावली. मुन्थाली सरांनी विचारलं, "कुम्वेंडा, तब्येत बरी नाही का?" मी म्हटलं, "पोट बिघडलंय." सर, आज क्षमा मागतो, पोट ठणठणीत होतं.

पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी मात्र राहवेना. सुकवलेल्या उसिपा मासळीचं पुडकं घेतलं आणि बस धरली. वॉर्डात बाई उशीला टेकून बसलेल्या, गळ्याला पट्टी, मांडीवर पाटी. मला बघताच त्यांनी लिहिलं, "व्हिडिओ पोचला?"

मी म्हटलं, "पोचला." पोचला होताच की! मुका पोचला होता, एवढंच.

बाहेर येऊन मी वायसनदादांना म्हटलं, "लॅपटॉप जरा देता का? थोडं काम आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण काही न विचारता दिला. तो तिथेच उघडायचा मला धीर झाला नाही. दवाखान्यासमोरच्या बाजारात ट्रीझा नावाची एक बाई टपरी चालवते. लोकांच्या मेमरी कार्डांत गाणी नि सिनेमे भरून देते. तिच्यापुढे लॅपटॉप ठेवला आणि सगळं सांगितलं.

तिनं आधी मूळ स्लाइड चालू केल्या. मी डोळे मिटून घेतले.

"मुलींनो, बाळ बाहेर आलं म्हणजे काम संपलं असं समजणारी नर्स माझ्या वर्गात नको."

न्याचावुला बोलत होत्या! भर बाजारात, टोमॅटोवाल्या आणि सायकलवाल्यांच्या मध्ये, खणखणीत!

ट्रीझा म्हणाली, "काका, आवाज आहे की जागच्या जागी. व्हिडिओ करताना इथं विचारतं, भरलेला आवाज घ्यायचा की नाही. तुम्ही 'नाही' वर ठेवलंत."

"मी?"

"नाही तर काय, माझ्या आजीनं? आणि एवढा मोठा आकार कशाला निवडलात? तलावावर पडदा लावून दाखवणार होतात?"

 माझ्या डोळ्यांतून पाणी चाललेलं. ती घाबरली. "अहो काका, कुणी गेलं का?"

मी म्हटलं, "नाही गं बाई. परत आलं."

तिनं तो व्हिडिओ पुन्हा केला. आवाजासकट केला, आकारानं लहान केला, पूर्ण ऐकून बघितला आणि मगच माझ्या हातात दिला. ऐकून बघितला, सभाजनहो! शिकलेला ग्रंथपाल जे विसरला, ते त्या टपरीवालीनं केलं. तिथूनच मी अकरा केंद्रांना पाठवला. मग वॉर्डात जाऊन बाईंच्या पुढ्यात मोबाईल धरला. त्यांनी सबंध सतरावी स्लाइड ऐकली. मग पाटी ओढली आणि लिहिलं, "ही बाई फार भराभर बोलते."

वायसनदादा नऊ दिवसांत पहिल्यांदा हसले.

गाठ साधी निघाली, हे त्याच आठवड्यात कळलं. आवाज यायला मात्र सात आठवडे लागले. पण त्या सात आठवड्यांत बाई गप्प होत्या, असं कोण म्हणेल? चिसालीला फेबीनं हा व्हिडिओ दायांना तीनदा दाखवला. त्यानंतर एका सकाळी तिथे एक बाळंतीण रक्तानं भिजायला लागली. होडी यायला तीन तास होते. फेबी सुई भरत होती. सत्तरीला आलेल्या दाईआजीनं आपण होऊन बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवला आणि सुरू झाली, "गोल, गोल, दाबून! कठीण लागलं का? नाही? मग परत!" फेबी मला अभिमानानं सांगत होती, "सर, शब्द तर बाईंचेच, पण सूरही बाईंचाच!" त्या आजी न्याचावुलांना कधी भेटलेल्या नाहीत. आई आणि बाळ, दोघं सुखरूप आहेत.

न्याचावुला, ते नऊ दिवस मी तुमच्यापासून लपवले. आज सांगून मोकळा होतो आहे. रागवायचं असेल तर रागवा, तुमचा रागावलेला आवाज ऐकायलाही आज बरंच वाटेल.

थांबा हं, बाई काहीतरी म्हणताहेत. आवाज अजून थोडा बसका आहे, मागे पोचला नसेल. मी सांगतो. त्या म्हणतात, "पुढच्या वेळी आधी ऐक, मग पाठव."

पुढच्या वेळी! मुन्थाली सर, ऐकलंत ना? त्यांचे अजून नऊ धडे व्हिडिओ व्हायचे आहेत. निरोपपत्रावर सही करा खुशाल, पण चादरींच्या कोठीची किल्ली माझ्याकडे राहू द्या.

मला इतका वेळ दिल्याबद्दल अध्यक्षांचे, एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्यांचे आणि आज दुकान बंद ठेवून इथे आलेल्या ट्रीझाबाईंचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर तो माझा दोष समजून पोटात घाला. सोमवारी दुपारी दोन वाजता, न्याचावुला, मी कोठीबाहेर उभा असेन.