अमलेख: शरयूताईंना निरोप देताना

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचे आधारस्तंभ श्री. प्रल्हादराव सरदेशमुख, व्यासपीठावरच्या प्रमुख पाहुण्या शोभाताई महाजनी, सत्कारमूर्ती सौ. शरयूताई आणि श्रीरंगराव देवस्थळी, डॅलसहून इतका ड्राइव्ह करून आलेली मंडळी, आणि मागच्या रांगांतल्या, माझं मराठी कधी संपतंय याची वाट बघणाऱ्या बालमित्रांनो,

मी मालिनी सबनीस, मंडळाची कार्यवाह. मला पाच मिनिटं दिली आहेत. शरयूताईंनी बसवलेली नाटकं आणि रविवारची मराठी शाळा, एवढ्यावरच बोलावं अशी प्रेमळ सूचनाही आहे. नाटकं उत्तम होती. शाळाही उत्तम चालली. हे दोन्ही विषय मी पूर्ण केले, असं अध्यक्षांनी कृपया समजावं.

शरयूताई शुगर लँडला आल्या तेव्हा त्या नवऱ्याच्या व्हिसावर होत्या. नोकरी करायची नाही, गाडी येत नाही, रस्त्याला फुटपाथ नाही आणि बाहेर ह्यूस्टनचा उन्हाळा. आपल्यापैकी किती जणींनी ते दिवस काढलेत? सकाळी नऊला नवऱ्याची गाडी वळणावर दिसेनाशी झाली की संध्याकाळपर्यंत एसीचा आवाज. त्या एकदा मला म्हणाल्या होत्या, "मालिनी, दाराला कडी नाही, तरी मी आतच."

त्यांचं बालपण काठमांडूत गेलं. वडील तिथे कॉलेजात शिकवत. पुढे पुण्यात त्या मोडी शिकल्या, जुने हस्तलिखित कागद वाचायला सरावल्या. इथल्या एका प्राध्यापकांना जुन्या नेपाळी कागदांतल्या शब्दांचा कोश करायचा होता, तेव्हा त्यांनी शरयूताईंना गाठलं. पगार घेता येत नव्हता, तरी त्यांनी काम घेतलं. डायनिंग टेबलावर झेरॉक्सचे गठ्ठे असायचे. मी चहाला गेले की एखादा शब्द मिळायचा. 'अर्जी' आणि 'कचेरी' आपल्यासारखेच. 'झारा' म्हणजे आपली वेठबिगारी. 'पतिया' म्हणजे प्रायश्चित्त घेतलेल्या माणसाला जातीत परत घेतल्याची सरकारी चिठ्ठी. आणि 'अमलेख'. साठेक वर्षांपूर्वी, १९२५च्या सुमारास, नेपाळात दासदासींना मोकळं केलं, त्या सुटकेला अमलेख म्हणत. शरयूताईंनी या शब्दापुढे लिहिलं होतं, 'आता बोलण्यात नाही.'

दोन वर्षांपूर्वी आपल्या ओळखीच्या एका घरी हळदीकुंकू होतं. घराचं नाव मी घेणार नाही. तिथे स्वयंपाकघरात एक नेपाळी बाई पुऱ्या लाटत होती. सगळे तिला माइली म्हणत. ते काही नाव नव्हे, मधली मुलगी एवढाच त्याचा अर्थ. शरयूताईंनी सहज नेपाळीत चौकशी केली, गाव कुठलं, किती दिवस झाले. घरच्या बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांना हिंदी येत असल्यामुळे बरंचसं कळत होतं. माइली मान खाली घालून जुजबी उत्तरं देत राहिली. मग लाटणं न थांबवता तिने विचारलं, "दिदी, यहाँ अमलेख हुन्छ?"

घरच्या बाईंनी विचारलं, "काय म्हणतेय?"

शरयूताई म्हणाल्या, "पुऱ्या पुरतील का, विचारतेय."

इथे अमलेख होतं का, असं माइली विचारत होती. तिची आजी दासी होती. आजीच्या तोंडून तो शब्द घरात राहिला होता. तो मालकिणीला कळणार नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

शरयूताईंनी पोलिसांना फोन केला. पोलीस आले. त्यांनी माइलीला विचारलं, तू ठीक आहेस ना? तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मालकिणीनेच दुभाष्याचं काम केलं. "ती म्हणते, मी मजेत आहे." पोलीस गेले. दुसऱ्या दिवसापासून त्या स्वयंपाकघराचे पडदे पिना लावून बंद झाले, आणि परसदाराला कुलूप आलं.

मग शरयूताईंना सल्ले सुरू झाले. दुसऱ्याच्या घरात कशाला शिरता? आपल्या लोकांची बदनामी होईल. सांगणारी माणसं वाईट नव्हती. त्यातली काही आजही इथे आहेत, आणि शरयूताईंनी त्यांच्या मुलांना शाळेत तितक्याच मायेने शिकवलं आहे.

एका वकील बाईंनी सांगितलं, पोलीस पुन्हा जातील, पण दुभाषी म्हणून तुम्हाला बरोबर यावं लागेल. श्रीरंगरावांची काळजीही खरी होती. ते म्हणाले, "आपली ग्रीन कार्डची फाइल सरकारकडे आहे. कोर्टात तुझं नाव येईल."

"येईल," शरयूताई म्हणाल्या. "पण तिने मला प्रश्न विचारलाय, श्रीरंग. मी उत्तरच दिलेलं नाही."

त्यांनी फोन शरयूताईंपुढे ठेवला. मग म्हणाले, "मालिनीला फोन कर. तुला फ्रीवे जमणार नाही."

म्हणून मी ड्रायव्हर. दारात मालकीण, तिच्या मागे माइली. पोलिसांनी मालकिणीला बाजूला व्हायला सांगितलं. माइली नजर वर करेना. शरयूताई उंबऱ्याबाहेरून एवढंच म्हणाल्या, "हुन्छ, बहिनी. आज हुन्छ. हिँड." होतं, बहिणी. आज होतं. चल.

ती पायातल्या सपातांनिशी बाहेर आली. पिशवी नाही, पासपोर्ट नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मीही टाळ्या घेऊन खाली बसले असते. पण खटला चालू होता, त्यामुळे तिला टेक्सास सोडता येईना. काम करता येईना, गावीही जाता येईना. देवस्थळींच्या गेस्टरूममध्ये ती राहिली. शरयूताई मला म्हणाल्या, "मी तिला सोडवलं, की या घरातून त्या घरात आणलं?"  त्या दिवाळीला त्यांना आमंत्रणं कमी आली. फोन वाजेनासा झाला. एका घरात दोन बायका, एक शब्द लिहिणारी आणि एक त्यांचे उच्चार दुरुस्त करणारी.

या वसंतात मालकांनी गुन्हा कबूल केला आणि पासपोर्ट परत मिळाला. त्याच सुमारास तेलाचे भाव पडले आणि श्रीरंगरावांची नोकरी गेली. घर विकलं जाईना, ते बँकेकडे गेलं. आता ते दोघं दुसऱ्या राज्यात, चँडलरला निघालेत, आणि ती गुरुवारी काठमांडूच्या विमानात बसेल. तिचं नाव धनमाया आहे. दोन वर्षं आपल्यात राहिलेल्या बाईचं नाव या हॉलमध्ये एकदा तरी घेतलं जावं, म्हणून घेतलं.

अध्यक्षमहाराज, वेळ केव्हाच संपला. आपण मला थांबवलं नाहीत, याबद्दल आभार. स्वयंपाक करणाऱ्या, खुर्च्या मांडणाऱ्या सर्वांचे आभार. बोलण्यात कुणाला लागलं असेल तर ते माझ्या पदरात घाला, शरयूताईंच्या नको.

आता एकच विनंती. कार्यक्रमपत्रिकेत शरयूताईंची ओटी अध्यक्षांच्या पत्नी भरणार, असं आहे. त्यांनी तो मान आनंदाने धनमायाला दिला आहे. पण धनमाया व्यासपीठावर येणार नाही. ती मागे, दाराशी बसली आहे. कुठेही गेली तरी ती दार दिसेल अशीच जागा धरते, आणि तिथून उठत नाही. तेव्हा शरयूताई, तुम्हीच खाली उतरून तिच्यापर्यंत जा. आणि मंडळी, मधल्या खुर्च्या जरा बाजूला घ्या. त्यांना वाट द्या.