कँटीनमधली वही

(विठ्ठलवाडी, मार्च २००६. रविवार सकाळ. चाळीतल्या खोलीत यशोधरा वही उघडून बसली आहे. तिचे वडील महेंद्र पलंगावर, उजव्या बोटाला बँडेज.)

यशोधरा : पप्पा, मला एक सांगा. तुमच्या कँटीनमधली माणसं बाराखडीच्या क्रमाने बोलतात का?

महेंद्र : म्हणजे?

यशोधरा : पहिले चौदा शब्द कानावर पडले तसे लिहिलेत. तारीख, कोण बोललं, कशावरून बोललं, सगळं आहे. पंधराव्यापासून पुढे एकदम अ, आ, इ, ई.

महेंद्र : नीट लावून दिले गं. तुला बरं पडावं म्हणून.

यशोधरा : आणि बोललं कोण? ‘एक कामगार’. सेहेचाळीस वेळा ‘एक कामगार’?

महेंद्र : तोच असेल. बडबड्या आहे जरा.

यशोधरा : पप्पा.

महेंद्र : चहा टाकू का?

यशोधरा : ‘पंचाळू’ कोण बोललं?

महेंद्र : आता हे बघ. झोपाळू असतो, लाजाळू असतो. तसा सायरन व्हायच्या आधी दहा मिनिटं कार्ड हातात धरून पंचिंग मशीनपाशी उभा राहतो, तो पंचाळू. बरोबर आहे ना?

यशोधरा : झकास आहे. पण बोललं कोण?

महेंद्र : मी.

यशोधरा : कोणाशी?

महेंद्र : वहीशी.

यशोधरा : म्हणजे सेहेचाळीसच्या सेहेचाळीस तुम्ही बनवले?

महेंद्र : अगं, लेथवर हात चालू असतो, डोकं रिकामंच असतं. सुचतील तसे चिठ्ठ्यांवर टिपायचो, मग जेवणाच्या सुट्टीत क्रम लावून वहीत उतरवले.

यशोधरा : पप्पा, शुक्रवारी कालिन्याला विद्यापीठात प्रबंध द्यायचाय. चौथं प्रकरण अख्खं या वहीवर उभं आहे. कामगार बोलता बोलता नवे शब्द कसे घडवतात, ते दाखवणार होते मी. हे असंच दिलं तर ती लबाडी झाली. आणि काढून टाकलं, तर चौदा शब्दांवर प्रकरण होत नाही. सहा महिने गेले माझे.

महेंद्र : मला वाटलं, जास्त शब्द तेवढे जास्त मार्क.

यशोधरा : मला रडू येतंय, रागही येतोय आणि मधेच ‘बोल्टुकली’ वाचून हसूही येतंय. काय करू मी तुमचं?

महेंद्र : बोल्टुकली मला पण आवडलं. एकदम बारीक बोल्ट असतो ना, घड्याळातला असतो तेवढा...

यशोधरा : पप्पा! शंभर माणसं जेवतात तिथे. खरे शब्द का नाही मिळाले?

महेंद्र : जाऊ दे ना आता.

हरिचंद्र : (महेंद्रचा कंपनीतला सोबती, दारातून) जयभीम म्हेंदर! हायेस का घरान? चल, निंगायचा हाय.

महेंद्र : जयभीम. ये हरी. अरे, तुझ्या पुतण्याची हळद संध्याकाळी ना? आत्ता साडेनऊ वाजलेत.

हरिचंद्र : मना काय इचारतंस? आमची जनाबाय सकालीच पातल नेसून रिक्षान जाऊन बसलीय. मुलखाची पंचालू बाय ती.

यशोधरा : काका! काय म्हणालात? जनाकाकू काय आहेत?

हरिचंद्र : पंचालू. टायमाच्या आदी जाऊन उबा रातो, तो पंचालू. आमच्या कंपनीन सगली बोलतान. तुला नय म्हाईत?

महेंद्र : हरी, हा शब्द तुला मिळाला कुठून?

हरिचंद्र : तुज्याच वहीतना. तू बोट कापून घरी बसलास, वही लॉकरवर ऱ्हायली. मी तुला आनून दिली, पन दुसऱ्या दिशी नय. चार दिसांनी. आता लपवत नय.

यशोधरा : चार दिवस काय केलंत वहीचं?

हरिचंद्र : ऐक पोरी. तुज्या बापानी वही काढली का सगली गप. आमाला वाटला, ह्यो म्यानेजरला नावां देतंय. कोन उशिरा आला, कोन काय बोलला. पंधरा दिस याच्या टेबलावर कोन नय बसला. मी बी नय बसलो.

यशोधरा : पप्पा, पंधरा दिवस एकटे जेवलात?

महेंद्र : जेवण काय, जातंच पोटात.

यशोधरा : आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत!

हरिचंद्र : मंग ह्यो रजेवर गेला तवा आमी वही उघरली. आत कोनाची चुगली नय, नुसतं शब्द! मीच उबा राहून वाचली. पोरां हसून हसून डब्याव पडली. मना लाज बी वाटली रं म्हेंदर. इचारला तवा का नय बोललास, पोरीचा काम हाय?

महेंद्र : तिनेच बजावलं होतं. कशासाठी लिहिताय ते सांगू नका, नाहीतर माणसं जपून बोलतात.

यशोधरा : आम्हाला तसंच शिकवलंय. पण कंपनीत वही काढून बसणारा माणूस कसा दिसतो, हे मला सुचायला पाहिजे होतं. चूक माझी आहे, पप्पा.

महेंद्र : सेहेचाळीस शब्दांची चूक माझी. वाटून घेऊ.

यशोधरा : थांबा. काका, त्यातले किती चालले? खरं सांगा.

हरिचंद्र : पंचालू चालला. बोल्टुकली त स्टोरवाला चिट्टीवर लिवतंय. ‘ओटीखोर’, म्हंजे ओवरटायमाला हावरा, त्यो दोन दिस चालला. बाकीचं नय. ‘सायरनणे’ त कोनाच्या तोंडान बसाना.

महेंद्र : सायरनणे चांगला होता. सायरनसारखं ओरडणे.

हरिचंद्र : नय, म्हेंदर.

यशोधरा : पप्पा, एरवी शब्द कुणी केला, कधी केला, काही सापडत नाही. इथे सगळं समोर आहे. सेहेचाळीस केले, दोन जगले. आणि त्यातला एक मशीन सोडून जनाकाकूंपर्यंत पोचला! मी उद्या माझ्या गाईड मॅडमना सगळं खरं सांगते. चालत असेल तर प्रकरण असंच लिहीन.

महेंद्र : आणि नाही म्हणाल्या तर?

यशोधरा : तर ऑक्टोबरला देईन. वाईट वाटेल, पण देईन.

महेंद्र : शब्द केले कोणी, ते पण लिहावं लागेल?

यशोधरा : लागेलच. महेंद्र शंकरराव ओव्हाळ, टर्नर, आनंदनगर एमआयडीसी.

महेंद्र : नववी नापास पण?

यशोधरा : माहितीच्या तक्त्यात शिक्षणाचा रकाना आहे, पप्पा.

महेंद्र : लिही मग. खोटं आता बास.

हरिचंद्र : चला रं, रिक्षावाला बोंबलतंय.

यशोधरा : एकच मिनिट. पप्पा, उद्यापासून ड्यूटी ना? वही घेऊन जा. चार दिवस जे कानावर पडेल तेवढंच लिहा, बोलणाऱ्याला विचारून. आणि आधी सगळ्यांना सांगून टाका.

महेंद्र : काय सांगू?

यशोधरा : की वही माझ्या मुलीची आहे. ती एम.ए. करतेय.

महेंद्र : एवढंच? अगं, रोज डबा उघडला की तेवढंच ओठावर यायचं, आणि गिळून टाकायचो.