जयवंतरावांचा धूमकेतू

समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या शाळेच्या व्यवस्थापक मंडळाचे प्रमुख माननीय जयवंतराव, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आज निवृत्त होणारे आमचे विनायक मास्तर, रुक्मिणीवहिनी, आणि पंख्याखाली जागा मिळाली म्हणून अजून बसून राहिलेल्या बंधुभगिनींनो,

मास्तरांच्या घरामागच्या परड्यातल्या दुर्बिणीला काहीच खर्च आला नाही, असं अध्यक्ष आताच म्हणाले. हिशेब थोडा चुकला. नळी तुये गावच्या कारखान्यातली, टाकाऊ, फुकट, कबूल. पण पश्चिमेचं आकाश दिसावं म्हणून एक लागता, भरपूर नारळ देणारा माड तोडावा लागला. त्यापायी वहिनी पंधरा दिवस मास्तरांशी बोलल्या नाहीत. आणि शेवटी मास्तरांचं नाव गेलं. ते कसं गेलं, तेवढंच सांगतो. मी ट्रकवाला माणूस. क्लीनर म्हणून चढलो, आज बारा गाड्यांचा मालक आहे. माझ्या एका तरी गाडीचा दिवा बंद असलेला दाखवा, असं मी बाजारात सगळ्यांना सांगत असतो. भाषणाची सवय मात्र नाही.

शहाऐंशीचा जानेवारी. हॅलेचा धूमकेतू आलेला. मास्तरांना शाळेसाठी प्रयोगशाळा हवी होती आणि अध्यक्षांनी अट घातली होती, "आदीं म्हाका धूमकेतू दाखयात, मागीर बघूया."

दिवेलागणीला अर्धा गाव परड्यात जमला. एका बाजूला मराठीवाले, दुसऱ्या बाजूला कोंकणीवाले. त्या दिवसांत ते एकमेकांच्या दुकानातला पावसुद्धा घेत नव्हते. खाणीच्या धुळीनं पश्चिम लालभडक. मास्तर म्हणत होते, जरा धूळ बसू द्या. पण थांबायची सवय अध्यक्षांना असते का? त्यांनी नळी स्वतःच फिरवली, डोळा लावला आणि ओरडले, "दिसलो! शेपटेसकट दिसलो!"

मास्तर म्हणाले, "जयवंतराव, तो न्हय. नळी दोंगराकडेन वळल्या."

वहिनींनी कोपर मारलं, "ओगी रावात!" प्रयोगशाळा हाताशी आली होती ना! पण मास्तर कसले गप्प राहतात? पुन्हा म्हणाले, "तो धूमकेतू न्हय."

"मास्तर, दोळे तपासून घेयात!" अध्यक्ष म्हणाले, आणि परडं हसलं.

मग रांग लागली. तोवर तो उजेड डोंगराआड गेलाही होता. तरी प्रत्येकाला धूमकेतू दिसला. मराठीवाल्यांना दिसला, कोंकणीवाल्यांना दिसला, एकाला तर दोन शेपट्या दिसल्या. पुढे भाषेचा कायदा झाला, वेगळं घटक राज्य झालं, पण असं एकमत या गावात मी पुन्हा पाहिलं नाही. मीही डोळा लावला आणि हात जोडले. का नाही जोडणार? जयवंतरावांच्या खाणीवर माझ्या गाड्या होत्या.

प्रयोगशाळा झाली. दारावर फळी लागली, 'अध्यक्षांनी स्वतः धूमकेतू पाहून दिलेली'. आणि चौतीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस गावात काय म्हणून ओळखला जाऊ लागला? स्वतःच्या दुर्बिणीत धूमकेतू न दिसलेला मास्तर!

परवा मास्तर माझ्या गॅरेजात आले. म्हणाले, "शाल नको, नारळ तर नकोच, माड तोडलाय. त्या दिवशी काय दिसलं, तेवढं सभेत सांग. सगळे हसले, तेव्हा तुझा एकट्याचा चेहरा उतरला होता."

मास्तर, तुमची नजर चांगली आहे. माझे कान चांगले आहेत. दुसऱ्या गियरमध्ये कण्हणारी माझी गाडी मी झोपेतही ओळखतो.

मला बोलायला दिलंत, आभारी आहे. अध्यक्षांच्या मानात काही कमी-जास्त झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घालावं. माझ्या गाड्या उद्या खाणीवर असतील की नाही, तेही त्यांनीच ठरवावं. मास्तर, तुम्हाला तो दिसला नाही, कारण तो तिथं नव्हताच. डोंगर चढत होती ती माझी सात नंबरची गाडी, शिवदास ड्रायव्हर. शेपटी म्हणजे तिच्या मागची धूळ. आणि तिचा डावा दिवा आठ दिवस बंद होता.