पहिला यजमान, दुसरा यजमान

आत्या : तुझ्या या प्रयोगशाळेत बसणार नाही मी. उभ्या उभ्याच विचारते. तुला यजमान किती?

संशोधिका : मला? अजून एकही नाही, आत्या. पुढच्या महिन्यात तुमच्या भाच्याशी लग्न लागलं की एक होईल.

आत्या : ते मी ठरवीन. काल मी फोन केला, तू 'नंतर करते' म्हणालीस आणि बंद करायलाच विसरलीस. मग जे कानावर पडलं ना माझ्या!

संशोधिका : अगं बाई! काय पडलं?

आत्या : पाठ आहे सगळं. 'पहिल्या यजमानाकडे ती नुसती वाट बघत पडून असते. तिचा खरा संसार फुलतो तो दुसऱ्या यजमानाकडे.' बोललीस की नाही?

संशोधिका : बोलले. खरंच आहे ते.

आत्या : वर तोंड करून सांगते! आज संध्याकाळी सोन्या घरी आला की सांगणार मी, लग्न मोडलं म्हणून. माझ्या शब्दाबाहेर नाही तो.

संशोधिका : माहीत आहे हो. पण पहिला यजमान अगदीच गरीब होता. बिळात राहायचा. एवढीशी शेपटी होती त्याला.

आत्या : शेपटी?

संशोधिका : आणि मिशा. दुसऱ्याने एक दिवस त्याला खाऊनच टाकलं.

आत्या : थट्टा करतेस माझी? वयाचा तरी मान ठेव.

संशोधिका : चुकलं. पहिला उंदीर आणि दुसरा कोल्हा, आत्या. आणि 'ती' म्हणजे मी नाही, कोल्ह्याच्या आतड्यातली पट्टकृमी. चपटा जंत. जंत ज्याच्या पोटात मुक्काम ठोकतो त्याला आम्ही यजमान म्हणतो. रेडिओवर माझं भाषण आहे, त्याची तालीम चालली होती.

आत्या : जंत पोसणाऱ्याला यजमान म्हणतात?

संशोधिका : हो. जंत फुकट राहतो, फुकट खातो, आणि यजमान मुकाट्याने पोसतो.

आत्या : आमच्याकडे उलटं होतं. जन्मभर फुकट खाल्लं ते यजमानांनीच.

संशोधिका : आत्या! थांबा, त्या ताटलीला हात लावू नका. मेलेल्या कोल्ह्याचं आतडं आहे. गोठवून अंडी मारलीयत, तरीपण नको.

आत्या : शी! आणि ह्याच हातांनी तू सोन्याला वाढणार?

संशोधिका : हातमोजे आहेत. आणि वाढून घेईल तो स्वतः, दोन हात आहेत त्याला.

आत्या : विषय बदलू नकोस. 'माणूस म्हणजे चुकीचा यजमान, त्याच्याकडे गेली की तिचा वंश पुढे वाढत नाही.' हा टोमणा सोन्यालाच ना?

संशोधिका : नाही हो. माणूस उगाच मधे सापडतो. कोल्ह्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, रानातल्या फळांना लागतात, न धुता खाल्लं की पोटात. मग यकृत पोखरलं जातं आणि वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. कुठल्या रानातल्या कोल्ह्यांना हे आहे ते मी शोधतेय, म्हणजे तिथल्या लोकांना वेळेवर सांगता येईल.

आत्या : ते कळलं मला. काल रात्रीच सगळी फळं पुन्हा धुऊन ठेवली.

संशोधिका : काल?

आत्या : हो, मग? पुसूनसुद्धा ठेवली.

संशोधिका : आत्या, फळं धुवा हे भाषणाच्या अगदी शेवटी आहे. त्याच्या आधी उंदीर येतो, कोल्हा येतो, जंताची सगळी जन्मकथा येते.

आत्या : येऊ दे की.

संशोधिका : म्हणजे यजमान कोण ते तुम्हाला कालच कळलं होतं!

आत्या : कळलं होतं. भाषण चांगलं आहे, पण फार घाईत बोलतेस.

संशोधिका : मग आज इथे कशाला आलात?

आत्या : लग्न मोडायला. तुझ्यात दुसरी खोडच सापडेना गं. ही एक हाताशी लागली, तीही जंताची निघाली.

(आत्या स्टूल ओढून बसतात.)

संशोधिका : घाबरले होते मी. खरंच सांगते. तुम्ही नाही म्हणालात तर तो रडेल, आणि मग तुमचंच ऐकेल.

आत्या : म्हणून तर आले. आई-बाप गेले त्याचे, तेव्हा माझ्या कमरेएवढा होता. आमचे हे गेल्यापासून घरात दोनच माणसं, तो आणि मी. लग्न करून तो वेगळा राहायला गेला की मी बोलायचं कुणाशी? भीती वाटते गं मला. हे त्याला कसं सांगू?

संशोधिका : त्यालाही तुम्हाला काही सांगायची भीती वाटतेय. तुमच्या समोरचं घर बघून ठेवलंय त्याने. म्हणतो, आत्या ओरडेल, म्हणेल, तिथेही माझ्याच उरावर का?

आत्या : समोरचं? ते हिरव्या दाराचं?

संशोधिका : तेच.

आत्या : गाढव आहे. विचारायचं तरी.

संशोधिका : मग संध्याकाळी काय सांगणार त्याला?

आत्या : ते माझं मी बघीन. तू आधी हात धू. नीट, साबण लावून.

संशोधिका : धुते.

आत्या : आणि ऐक. तो घोरतो. मागाहून म्हणशील, आत्यांनी सांगितलं नाही.