लॉनच्या जाहिरातीचे रोजचे बजेट दुपारीच संपल्याबाबत

माझे नाव कुशल प्रेमलाल कटरे, वय २२, शिक्षण बी.कॉम. दुसऱ्या वर्षात सोडले, धंदा इंटरनेटवर जाहिराती लावून देणे, मूळ राहणार लांजी, सध्या बालाघाट, बसस्टँडमागे भाड्याची खोली. ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगतो की, रविवारी दुपारी श्रियाने सगळ्यांसमोर "मले काही माहीत नाही" म्हटले, तिथून माझे डोके फिरले. त्याआधी मी भांडलो नाही.

श्रिया ही तक्रारदार गजेंद्र बिसेन यांची मुलगी. नाते नाही, पण मी त्यांना काका म्हणतो. काकांचे बालाघाटात लग्नाचे लॉन आहे. कोणी मोबाईलवर लॉन शोधले की त्यांचे नाव सगळ्यात वर यावे, ही जाहिरात मी चालवत होतो. नाव नुसते दिसले तर पैसे लागत नाहीत, त्यावर बोट लावले की लागतात. रोजचे बजेट संपले की जाहिरात दुसऱ्या दिवसापर्यंत गायब. तीनशेचे बजेट काकांनीच ठरवले. मी वाढवा म्हटले तर म्हणाले, "तुह्या बापाचं लॉन आहे काय?" हे सगळे श्रियाला मी लॉनच्या ऑफिसात बसून शिकवले होते. तीच विचारायची. मी पगार घेत नव्हतो. काहून, ते विचारू नये.

तिला पाहायला तिरोडीहून पाहुणे येणार हे मला कोणी सांगितले नाही. मला बोलावले ते वायफाय बंद पडले म्हणून. गेलो तर ऑफिस पाहुण्यांनी भरलेले, श्रिया साडीत. काका ज्याला त्याला म्हणत होते, "आपापल्या मोबाईलवर पाहा नं, बालाघाटात पयलं नाव कोणाचं येते." सगळे शोधत होते, नावावर बोट लावून फोटो पाहत होते. मी काकांच्या कानात म्हटले, "बोट नका लावू देऊ, बजेट चाललं." ते मोठ्याने म्हणाले, "हा आमचा मोबाईलवाला पोरगा. याच्या पोटात दुखून राह्यलं." पाहुणे हसले.

मुलाचे मामा उशिरा आले. त्यांनी शोधले तर वर दुसऱ्याच लॉनचे नाव. म्हणाले, "बिसेनजी, तुमचं तं कुठीच दिसत नाही." काकांनी माझी कॉलर धरली. "पोरीचं जुळून राह्यलं म्हणून बंद केली नं तुनं जाहिरात?" मी हात उचलला नाही. श्रियाला म्हटले, "बजेट कसं संपते तुले माहीत आहे. सांग यायले." तिच्या हातात चहाचा ट्रे होता. तिने मामांच्या कपाकडे पाहत वर लिहिलेले उत्तर दिले.

जाहिरात मी बंद केलेली नाही. करायची असती तर तोंडावर सांगून केली असती. मुलगा काय करतो, दिसायला कसा, हे मला माहीत नाही. मी त्याच्याकडे पाहिले नाही.

काका म्हणाले, "निघ. पुन्हा दिसला तं तंगडी तोडीन." मी म्हटले, "तंगडी राहू द्या, पासवर्ड घ्या." जाहिरातीचा पासवर्ड कागदावर लिहून टेबलावर ठेवला, बाहेर आलो आणि काचेचे दार लावले.

हवालदारांनी हे सर्व मला वाचून दाखवले. त्यात शेवटी 'दार चुकून जोरात लागले व काच फुटली' असे होते. त्यातले 'चुकून' मी काढायला लावले. बाकी मी बोललो तसेच आहे.