काटा पन्नासवर आहे, असं मी सांगत राहिले

शकुंतलावहिनी, चऱ्होलीची मंडळी, दत्ताभाऊंचे कंपनीतले मित्र... सगळे या शोकसभेला आलात. मला बोलायला उभं केलंत, पण मला भाषण येत नाही. सांभाळून घ्या.

मी इथली ग्रंथपाल. दत्ताभाऊ चाकणच्या कंपनीत पेंट शॉपची, म्हणजे गाड्या रंगवतात त्या विभागाची, हवा सांभाळायचे; तिथलं तापमान, दमटपणा त्यांच्याकडे. एकदा मुलीसाठी पुस्तक न्यायला आले आणि आतल्या खोलीत डोकावले. तिथे देणगीत मिळालेली नऊ जुनी हस्तलिखितं आहेत. कागदावरची नाहीत, मेंढीच्या कातडीवरची. भाऊ म्हणाले, "मॅडम, ही पानं आकसत्यात. एसी संध्याकाळी बंद करता ना?"

हो, म्हणाले मी.

"कातडीला हेलकावा सोसत न्हाई. अठरा-वीस डिग्री ठेवा. दमटपणा पन्नास टक्क्यांच्या आसपास. वर गेला की बुरशी, खाली गेला की पान ताठतं, शाई सुटती."

तेव्हापासून पहिली शिफ्ट सुटली की ते इथे यायचे. चार वर्षं. हवेतला ओलावा शोषणारं जुनं यंत्र त्यांनीच चालू केलं, दमटपणा दाखवणारं काट्याचं मीटर भिंतीवर त्यांनीच लावलं. कुणी सांगितलं होतं त्यांना? कुणीच नाही.

या जुलैत भाऊ दवाखान्यात, आणि यंत्र बंद पडलं. दुरुस्तीसाठी मी अर्ज केले, फोन केले, हातापाया पडले. कुणी आलं नाही. खोलीत कुबट वास यायला लागला, म्हणून मी खिडकी उघडली. बाहेर पाऊस! मला कळायला नको?

भाऊ रोज वहिनींच्या फोनवरून विचारायचे, "काटा किती, मॅडम?"

पन्नास, मी म्हणायचे. रोज पन्नास. काटा ऐंशीवर होता. शेवटच्या फोनवर म्हणाले, "मग झोपतो निवांत."

पाच हस्तलिखितांची पानं फुगली, एकमेकांना चिकटली. अक्षरं गेली. ती परत येणार नाहीत.

काल वहिनींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांना ठावं व्हतं, बाई. फोन ठेवला की म्हणायचे, जुलैत रोज पन्नास? काटा इतका सरळ ऱ्हातोय व्हय? पण मॅडमला बोलू नको, रडत बसतील."

आता मला रागवायलाही कुणी नाही हो.

चार हस्तलिखितं अजून धड आहेत. काटा अजून उतरत नाहीये. भावांनो, हवा सांभाळणारी इतकी माणसं इथे बसलीत, आणि मी एकटी त्या खोलीत काय करू?

दत्ताभाऊंसाठी उभे राहूया. दोन मिनिटं, गप्प. आणि मग कुणी घरी जाऊ नका. कुणीतरी माझ्याबरोबर आत चला.